युनियनची पावती फाडली की लगेच बदली, शो-कॉज : कायद्यात नेमका बचाव काय?

चाकण_फिटर

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीतली ऑटो पार्ट्सची कंपनी. पर्मनंट २१०, कंत्राटी आणि अॅप्रेंटिस मिळून जवळपास तेवढेच. आजपर्यंत युनियन नाही. नऊ जणांनी पुढाकार घेऊन सभासद नोंदणी सुरू केली, ७४ पावत्या झाल्या आहेत. नोंदणीचा अर्ज अजून दिलेला नाही.

तेव्हापासून मॅनेजमेंटने पुढचे प्रकार सुरू केलेत. एचआर मॅनेजर एकेकाला केबिनमध्ये बोलावून कुणाकुणाची पावती फाडली ते विचारतो. प्लांट हेड शिफ्ट मीटिंगमध्ये म्हणाले, "युनियन आली तर ही लाइन इथे राहणार नाही." 'मी कोणत्याही संघटनेचा सभासद नाही' अशा छापील कागदावर सह्या घेणं चालू आहे. नऊपैकी एकाला चेन्नईच्या गोडाऊनला बदलीची ऑर्डर, दुसऱ्याला जागेवरून बारा मिनिटं गैरहजर म्हणून शो-कॉज (कारणे दाखवा नोटीस). आणि कुणी मागितला नसताना सगळ्यांना महिना १५०० रुपये 'विशेष भत्ता'. शिवाय एक वर्क्स कमिटी काढली आहे, तिच्यातले कामगार प्रतिनिधी मॅनेजमेंटनेच निवडले.

प्रश्न असे: युनियन रजिस्टर नसताना कायदा आपल्याला धरतो का? लेबर कोर्ट की इंडस्ट्रियल कोर्ट? मुदत किती? आणि नवीन लेबर कोड आल्यावर महाराष्ट्राचा जुना कायदा राहिला का?

कलम_अठ्ठावीस

रजिस्ट्रेशनची वाट बघू नका. महाराष्ट्राचा १९७१ चा जो कायदा (युनियनला मान्यता आणि मालक-कामगारांच्या अनुचित प्रथांना आळा घालणारा) आपण बोलताना 'एमआरटीयू पल्प' किंवा नुसतं 'पल्प' म्हणतो, त्याच्या दुसऱ्या अनुसूचीतली पहिलीच बाब कामगाराला युनियन बनवण्याचा, तिच्यात जाण्याचा आणि तिला मदत करण्याचा हक्क वापरताना मालकाने अडवणं किंवा धाक घालणं याबद्दल आहे. 'बनवण्याचा' म्हटल्यावर संरक्षण नोंदणीच्या आधीपासूनच आलं. तक्रार युनियनच करू शकते असंही नाही, कलम २८ खाली एकटा कामगार स्वतःच्या नावाने करू शकतो. कारखान्यात ५० कामगार लागतात ती अट युनियनला वाटाघाटीसाठी अधिकृत मान्यता देण्याच्या प्रकरणासाठी आहे. अनुचित प्रथेच्या तक्रारीला ती लागू नाही.

मुदत ९० दिवस, आणि ती प्रत्येक घटनेच्या तारखेपासून वेगळी मोजायची. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्ट माफ करू शकतं, पण 'एचआरशी बोलणी चालू होती' हे कारण टिकेल असं धरून चालू नका. बोलण्यात दिवस घालवायचे आणि ९१ व्या दिवशी हात वर करायचे, ही मॅनेजमेंटची जुनी पद्धत आहे.

कोर्ट कुठलं? चौथ्या अनुसूचीतली बाब १, म्हणजे सूडबुद्धीने, खोट्या कारणाने किंवा चौकशीचं नाटक करून कामावरून काढणं, एवढंच लेबर कोर्टाकडे जातं. बाकी सगळं, म्हणजे धमक्या, बदली, पक्षपात, मालकाची युनियन, इंडस्ट्रियल कोर्टाकडे. तुमच्या प्रकरणात बदली इंडस्ट्रियल कोर्टात (चौथी अनुसूची, बाब ३) आणि शो-कॉज बडतर्फीकडे सरकला तर लेबर कोर्टात. दोन्ही एकाच तक्रारीत कोंबली की कंपनीचा वकील अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढतो आणि सहा महिने त्यातच जातात.

आता एकेक घटना.

प्लांट हेडचं वाक्य. कायद्यात 'युनियन केली तर टाळेबंदी किंवा कारखाना बंद करण्याची धमकी' असं स्पष्ट लिहिलं आहे. लाइन हलवणं म्हणजे कारखाना बंद करणं नव्हे असं ते म्हणतील. म्हणून वाक्य जसंच्या तसं लिहा: तारीख, शिफ्ट, जागा, कोण कोण उभे होते. 'धमकावलं' हा शब्द तक्रारीत कितीही वेळा लिहिला तरी पुरावा होत नाही, वाक्य होतं.

केबिनमधली विचारपूस. नुसतं विचारणं यादीत वेगळं लिहिलेलं नाही. पहिल्या बाबीत 'म्हणजे' म्हणून तीनच पोटप्रकार दिले आहेत: काढून टाकण्याची धमकी, बंद करण्याची धमकी, आणि ऐन संघटनेच्या वेळी पगारवाढ. कंपनी म्हणणार, यादी इथे संपली. त्यामुळे विचारल्यानंतर पुढे काय बोललं गेलं ते महत्त्वाचं. 'नाव सांग, नाहीतर कन्फर्मेशन विसर' असं काही असेल तर ते पहिल्या पोटप्रकारात बसतं.

१५०० रुपये. हा तिसरा पोटप्रकार, अगदी पुस्तकातला. पण सावध राहा. तक्रारीत 'हा भत्ता थांबवा' अशी मागणी चुकूनही करू नका. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर लागेल की युनियनवाले तुमचे पैसे बंद करायला कोर्टात गेलेत. भत्ता घ्या, आणि तो नेमका कोणत्या तारखेला आणि कितव्या पावतीनंतर आला हे हेतूचा पुरावा म्हणून मांडा.

वर्क्स कमिटी. शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात ती (मालक आणि कामगार प्रतिनिधींची समिती) असायला कायद्याची हरकत नाही. पण रोजच्या कामातली कुरबूर मिटवणं एवढंच तिचं काम. पगार, कामाचा बोजा, शिफ्टची पद्धत असे मूळ बदल ती ठरवू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६० मध्येच नॉर्थ ब्रुक ज्यूटच्या निकालात सांगून ठेवलं आहे. तिच्याच लेटरहेडवर उद्या 'अंतर्गत युनियन' उभी राहिली तर दुसऱ्या अनुसूचीतल्या बाब २ आणि ३ लागतात.

शो-कॉज. बडतर्फीची ऑर्डर हातात पडेपर्यंत थांबायलाच हवं असं नाही. हिंदुस्तान लिव्हरच्या १९९५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की काढण्याच्या दिशेने पावलं पडायला लागली की लेबर कोर्ट तक्रार घेऊ शकतं. मात्र शो-कॉजला दिलेल्या मुदतीत उत्तर द्याच. त्यात सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याची लेखी मागणी करा, आणि त्याच महिन्यात तेवढाच वेळ जागेवर नसलेल्या इतरांवर काय कारवाई झाली ते विचारा. 'इतरांना काही नाही, मलाच का' याचं उत्तर कंपनीकडे नसेल तर अर्धी केस तिथेच उभी राहते.

लेबर कोडचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्या कलम १०४ ने तीन कायदे रद्द केले: ट्रेड युनियन्स अॅक्ट १९२६, स्टँडिंग ऑर्डर्सचा (कारखान्यातल्या सेवा-शिस्तीच्या नियमांचा) १९४६ चा आणि औद्योगिक विवाद कायदा १९४७. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा त्या यादीत नाही. कंपनीचे वकील 'केंद्राचा कायदा आला, राज्याचा संपला' असा प्राथमिक आक्षेप घेणार हे धरूनच चला. संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही बहुतेक त्याच प्रथा आहेत, त्यामुळे प्रत्येक घटना दोन्ही याद्यांत कुठे बसते हे वकिलाकडून तक्रारीतच मांडून घ्या. आणि हा वाद कुठेही चालू असो, ९० दिवस थांबत नाहीत.

पावतीपुस्तक

वरचं कायद्याचं झालं. या केसेस पडतात त्या बहुतेक कागदावर, म्हणून तेवढंच लिहितो.

कंपनीने सूड उगवला हे सिद्ध करायचं तर आधी कंपनीला माहीत होतं हे सिद्ध करावं लागतं. इथे एक पेच आहे. नोंदणी गुपचूप चालते तोवर नावं सुरक्षित, पण त्या काळात कारवाई झाली तर एचआर शपथेवर सांगतो, 'हा युनियनचा आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.' म्हणून गुप्ततेची एक मर्यादा ठरवून घ्या. साधारण तिसरा हिस्सा कामगार झाले की पुढाकार घेणाऱ्यांची नावं घालून कंपनीला पत्र द्या: आम्ही संघटना बांधत आहोत, हा आमचा घटनेच्या १९(१)(क) खालचा हक्क आहे. पत्र स्पीड पोस्टाने पोचपावती घेऊन, शिवाय कंपनीच्या अधिकृत ईमेलवर, आणि प्रत कामगार उपायुक्त कार्यालयात आवक शिक्का घेऊन. त्या तारखेनंतर 'माहीत नव्हतं' संपलं. तुमच्याकडे ७४ म्हणजे २१० च्या ३५ टक्के. हे पत्र या आठवड्यात जायला हवं.

ज्या दोघांवर आधीच कारवाई झाली त्यांच्या बाबतीत केबिनमधली विचारपूसच कामी येते. एचआरने त्यांना कधी विचारलं ती तारीख आणि बदलीची तारीख शेजारी शेजारी लिहा.

सह्या घेतलेले छापील कागद. सही झाली म्हणून घाबरायचं कारण नाही. ज्याने सही केली त्याने त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, स्वतःच्या हाताने चार ओळी लिहाव्या: अमुक वाजता, अमुक साहेबांनी, अमुक ठिकाणी सही करायला लावली, मला ती करायची नव्हती. हे संघटनेच्या समितीला आणि कामगार कार्यालयाला पोचवायचं. पंधरा-वीस अशी पत्रं एकाच आठवड्यातली असली की तो छापील गठ्ठा कंपनीच्याच गळ्यात पडतो. दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात पहिल्यांदा 'दबाव होता' म्हटलं तर कोर्ट का मानेल?

पावत्या. नंबर छापलेलं पुस्तक, कार्बन कॉपी, तारीख, सभासदाची सही, टोकन नंबर. सभासद अर्ज वेगळा, वर्गणी पावती वेगळी. राज्याच्या कायद्याखाली मान्यता हवी तर अर्जाच्या आधीचे सलग सहा कॅलेंडर महिने ३० टक्के सभासद दाखवावे लागतात, एका दिवसाचा आकडा चालत नाही. वर्गणी कमीत कमी महिना ५० पैसे अशी अट आहे (१९७१ चे ५० पैसे, हसू नका). तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली तर तो माणूस सभासद धरला जात नाही. म्हणजे एकदाच १०० रुपये घेऊन पावती फाडली आणि ती कुठल्या महिन्यांची हे लिहिलं नाही, तर पडताळणीत ती नावं गळतात. हे फार ठिकाणी होतं. पावतीवर 'जानेवारी ते डिसेंबर' असं लिहा.

संहितेत मात्र कारखान्यात एकाहून जास्त युनियन असल्या तर एकट्या युनियनला वाटाघाटीचा हक्क मिळायला हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. ३० खरे की ५१ हा वाद वकिलांना घालू द्या. तुम्ही १०८ पावत्यांचं लक्ष्य ठेवा, म्हणजे दोन्ही मापांत बसाल.

नोंदणीला अर्ज करताना सातच सह्या देऊ नका. सात ही अर्जदारांची किमान संख्या. त्याशिवाय १० टक्के किंवा १०० यांतला जो आकडा कमी असेल तेवढे कामगार सभासद हवेत, म्हणजे तुमच्याकडे २१. पडताळणीत नावं कंपनीपर्यंत जातातच. सात जणांना लांब पाठवणं सोपं, चाळीस जणांना नाही. ज्यांना हेही नको ते आधीच रजिस्टर असलेल्या एखाद्या जनरल युनियनचे सभासद होतात आणि तिची शाखा म्हणून बोर्ड लावतात, नवीन नोंदणी लागतच नाही.

रेकॉर्डिंगबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आत्ताच. मूळ फोन जपा. क्लिप व्हॉट्सअॅपवर फिरवून परत आलेली कॉपी पुरावा म्हणून कमकुवत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खास कोड) भरावी लागते. आणि कंपनीने शॉप फ्लोअरवर मोबाइल बंदी घातली असेल तर रेकॉर्डिंग हाच गैरवर्तनाचा आरोप होतो. त्यापेक्षा बाहेर आल्यावर तासाभरात लिहिलेलं टिपण आणि दोन साक्षीदार बरे.

गेट_नंबर_२

दोघांनी मालकाने काय करू नये ते सांगितलं. आपण काय करू नये ते मी सांगतो, कारण तक्रार दाखल झाल्यावर कंपनी पहिल्यांदा तेच शोधते.

सामुदायिक रजा. 'संप नाही, सगळ्यांनी एकाच दिवशी सीएल (किरकोळ रजा) टाकू' ही कल्पना प्रत्येक कारखान्यात कुणीतरी मांडतोच. संहितेत संपाच्या व्याख्येतच हे आलं आहे: ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एका दिवशी रजा घेतली तर तो संप. आणि १४ दिवसांची नोटीस नसेल तर बेकायदा संप. त्याला दंड १००० ते १०,००० रुपये किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडापेक्षा पुढचं जास्त नडतं. राज्याच्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अर्जाआधीच्या सहा महिन्यांत युनियनने बेकायदा संपाला चिथावणी किंवा साथ दिली असेल तर तिला मान्यता मिळत नाही. एका दिवसाच्या जोशापायी सहा महिन्यांच्या पावत्या वाया.

चूक होऊन गेलीच तर एक दरवाजा आहे. लेबर कोर्टाने संप बेकायदा ठरवल्यापासून ४८ तासांत मागे घेतला तर राज्याच्या कायद्यापुरता तो बेकायदा धरत नाहीत. ४८ तास म्हणजे घड्याळाचे तास, कामाचे दिवस नव्हेत. मागे घेतल्याचं पत्रही वेळ घालून द्यायचं.

त्याच कायद्याची तिसरी अनुसूची कामगार संघटनांसाठी आहे. मुद्दाम संथ काम, घेराव, शिफ्ट संपल्यावर आत बसून राहणं, साहेबांच्या घरासमोर निदर्शनं, हे सगळं त्यात येतं. कॅन्टीनवर बहिष्कार किंवा काळी फीत यांचा तिथे उल्लेख नाही, पण स्टँडिंग ऑर्डर्स वाचल्याशिवाय तेही सुरू करू नका. आणि कामाच्या वेळेत पावत्या फाडू नका. जेवणाच्या सुट्टीत, बस स्टॉपवर, चहाच्या टपरीवर फाडा. कामाच्या वेळेत फाडलेली एक पावती कंपनीला 'युनियनमुळे नाही, काम सोडल्यामुळे कारवाई' असं म्हणायला पुरते.

गेट मीटिंग सुरू केली की कंपनी दिवाणी कोर्टातून गेटपासून ठरावीक अंतराच्या आत सभा-घोषणा नकोत असा मनाईहुकूम आणते. असा हुकूम निघाला तर अंतर टेपने मोजून रेघ मारा आणि रेघेबाहेर उभे असल्याचा तारखेसह फोटो ठेवा. हुकूम मोडल्याचा आरोप आला की आपली मूळ तक्रार बाजूला पडते.

कंत्राटी पोरांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. त्यांना सभासद करून घ्या, पण पल्पच्या तक्रारीत त्यांना कंपनीविरुद्ध तक्रारदार करू नका. 'हे आमचे कामगारच नाहीत' असं कंपनीने म्हटलं की तिथे तक्रार चालत नाही, नातं आधी दुसऱ्या मंचावर ठरवून आणावं लागतं. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला, दोन्ही निकाल २००१ चे. पर्मनंट कामगारांची चांगली केस त्या एका मुद्द्यावर अडकते. अॅप्रेंटिस अॅक्टखालचे तर 'कामगार' या व्याख्येतच नाहीत. कटू आहे, पण कायदा आज असा आहे.

चाकण_फिटर

मंडळी, खूप आभार. पत्राचा मसुदा आजच करतो. बदलीबद्दल अजून एक. ज्याची चेन्नईला बदली झाली त्याने ऑर्डर घ्यायलाच नकार दिला, सिक्युरिटीने गेटवर अडवलं आहे. हजर व्हायची तारीख सोमवार. नेमणूक पत्रात 'भारतात कुठेही बदली होऊ शकते' हे कलम आहे. आता काय?

कलम_अठ्ठावीस

ऑर्डर घेत नाही म्हणणं ही पहिली चूक, आणि ती अजून दुरुस्त होऊ शकते. कंपनी पोस्टाने पाठवेलच, ती घ्या. पोचवर 'हक्क राखून, मजकूर मान्य नसताना स्वीकारली' असं लिहा आणि तारीख टाका. आजच कंपनीला पत्र द्या की तुम्ही रोज कामाला येत आहात आणि गेटवर अडवलं जात आहे. प्रत कामगार कार्यालयाला. हे पत्र नसेल तर पंधरा दिवसांनी 'विनापरवाना गैरहजर' अशी चार्जशीट येते, आणि मग भांडण बदलीचं न राहता गैरहजेरीचं होतं. कंपनीला हवं असतं तेच.

नेमणूक पत्रातल्या कलमाने कंपनीला बदलीचा अधिकार मिळतो, वाटेल त्या हेतूने वापरायची मुभा मिळत नाही. चौथ्या अनुसूचीतली बाब ३ अशाच बदलीबद्दल आहे, व्यवस्थापनाच्या धोरणाच्या आडून वाईट हेतूने केलेली. कोर्ट बघतं ते असं: त्या गोडाऊनमध्ये फिटरचं काम आहे का? गेल्या काही वर्षांत चाकणहून कुणा ऑपरेटरची अशी बदली झाली का? जागा रिकामी होती का, की याच्यासाठी तयार केली? त्याच्या जागी इथे कंत्राटी माणूस लावला का? आणि नोंदणी सुरू झाल्यापासून किती दिवसांत ऑर्डर निघाली? या पाच उत्तरांसाठी शपथपत्रं गोळा करा. सूडाचा आरोप गंभीर असतो, तो तपशिलासह मांडायला हवा हे सुप्रीम कोर्टाने भारत आयर्न वर्क्सच्या १९७६ च्या निकालात सांगितलं आहे. मोघम तक्रार तिथेच गळते.

सोमवारच्या आत इंडस्ट्रियल कोर्टात तक्रार आणि सोबत कलम ३०(२) खालचा अंतरिम अर्ज दाखल व्हायला हवा. आपल्याकडच्या कोर्टात तक्रारीला निशाणी यू-१ आणि या अर्जाला यू-२ पडते, वकील 'यू-टू लावलं का' विचारतात ते हेच. मागणी एकच ठेवा: निकाल लागेपर्यंत बदलीच्या ऑर्डरला स्थगिती. दहा मागण्या घातल्या की न्यायाधीश 'उत्तर येऊ द्या' म्हणतात आणि सोमवार निघून जातो. अशा बदल्यांच्या वेळी कंपन्या बहुतेकदा आधीच कॅव्हिएट ('आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज) टाकून ठेवतात. ती आहे का हे फाइलिंगला बघा आणि असेल तर प्रत त्यांच्या वकिलाला आदल्या दिवशीच पोच घेऊन द्या, नाहीतर नोटिशीच्या कारणावरून एक तारीख जाते.

स्थगिती मिळाली नाही तर? भावनेच्या भरात घरी बसू नका. 'निषेध नोंदवून, तक्रारीतले हक्क अबाधित ठेवून' असं लिहून चेन्नईला हजर व्हा, प्रवासखर्च आणि राहण्याची सोय लेखी मागा, आणि केस चालू ठेवा. हजर झाल्याने तक्रार मरत नाही. न गेल्याने मात्र नोकरी जाऊ शकते.

स्थगिती मिळूनही गेटवर अडवलं तर कलम ४८ आहे. ३०(२) चा किंवा ३०(१)(ब) चा आदेश मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड. तक्रार लेबर कोर्टात. ती कंपनीच्या नावाने मोघम करू नका, ज्या अधिकाऱ्याने आदेशाची प्रत हातात घेऊनही अडवलं त्याच्या नावाने करा. रक्कम किरकोळ वाटेल, पण फौजदारी समन्स स्वतःच्या नावाने आलं की फॅक्टरी मॅनेजरची भाषा बदलते.

संहितेतही अनुचित प्रथेला दंड आहे, १०,००० ते २ लाख. पण त्या दंडाने कुणाची बदली थांबत नाही, म्हणून आज तरी अंतरिम आदेशाच्या मागे लागा.

वेर्णा_बी_शिफ्ट

विषय महाराष्ट्राचा आहे, तरी विचारतो. आम्ही गोव्यात, वेर्णाला. हेच ९० दिवसांचं आम्हाला लागू होईल का?

कलम_अठ्ठावीस

नाही. १९७१ चा कायदा महाराष्ट्रापुरता. तुमच्याकडे संहितेची दुसरी अनुसूची आणि समेट अधिकाऱ्याचा (मालक-कामगारांत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) रस्ता. कामावरून काढलं तर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, ४५ दिवसांत निकाल लागला नाही तर थेट ट्रिब्युनलकडे, आणि हे सगळं काढल्यापासून दोन वर्षांच्या आत (पूर्वी तीन होती). धमकी किंवा बदलीवर झटपट स्थगिती मिळवण्याची सोय तुमच्याकडे इतकी सरळ नाही.

त्यामुळे तुम्ही मागणीपत्र लवकर द्या आणि वाद समेटात न्या. समेटाची कार्यवाही चालू असताना त्या वादाशी जोडलेल्या कारणावरून कामगाराला काढायला किंवा सेवाशर्ती बदलायला संहितेच्या कलम ९० ची आडकाठी येते. रजिस्टर युनियन असेल तर 'संरक्षित कामगारां'ची यादी मालकाला द्या: एकूण कामगारांच्या एक टक्का, पण कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १००. त्यांना तर वादाशी संबंध नसलेल्या कारणावरूनही समेट चालू असताना परवानगीशिवाय काढता येत नाही. हे महाराष्ट्रातल्या लोकांनाही उपयोगाचं आहे, पण आपल्याकडे पल्प असल्यामुळे ही यादी द्यायचा आळस होतो.

टूलरूम

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. नऊ जणांपैकी कुणाला अचानक 'टीम लीडर' किंवा 'ज्युनिअर ऑफिसर' करण्याचं पत्र आलं तर पेढे वाटायच्या आधी विचार करा. 'कामगार' या व्याख्येतून बाहेर काढण्याचा हा गोड मार्ग आहे. सुपरवायझरी काम आणि महिना १८,००० च्या वर पगार, दोन्ही जुळलं की संहितेप्रमाणे तो कामगार राहत नाही, आणि मग पल्पची तक्रारही त्याच्या हातून जाते. चाकणला १८,००० म्हणजे पर्मनंट ऑपरेटर सहज ओलांडतो.

कोर्ट पदाच्या नावाकडे बघत नाही, मुख्य काम काय ते बघतं. म्हणून पत्र आलं तर उत्तरात लिहा: माझं काम पूर्वीसारखंच मशीनवर आहे, कुणाची रजा मंजूर करणं, कुणाला मेमो देणं किंवा अप्रेझल करणं हे अधिकार मला नाहीत. मग रोजच्या प्रॉडक्शन शीटची प्रत ठेवा, ज्यात तुमच्या टोकन नंबरसमोर नग लिहिलेले असतात. आणि इतरांच्या रजेच्या अर्जावर 'शिफारस' म्हणून सही करू नका, साहेबांनी कितीही सहज पुढे केला तरी. उलटतपासणीत कंपनी नेमका तोच कागद काढते.

लायकी नसताना दिलेली बढतीसुद्धा अनुचित प्रथा आहे, दुसऱ्या अनुसूचीतल्या बाब ४ मध्ये: कामगारांत फूट पाडायला किंवा युनियनची ताकद कमी करायला दिलेली बढती. पण ती तक्रार उरलेल्या आठ जणांनी करायची असते. ज्याला बढती मिळाली तो बहुतेकदा साक्षीलाही येत नाही.